स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि पाचव्या आठवड्यातले जेवण

नाशिकहून एका ४१ वर्षांच्या भगिनींनी विचारले आहे, की त्यांची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया) होऊन पाच आठवडे झाले, वजन उतरते आहे, पण सकाळी उठल्यापासून मळमळते, पोळी घशाखाली अडकल्यासारखी होते, पाणी प्यावेसे वाटत नाही आणि घरात फोडणीचा वास आला तरी उमासे येतात. त्या शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. हे नेहमीचे आहे का, प्रथिने कशातून मिळवायची, आणि महिन्याभरावर आलेल्या गौरी-गणपतीत नैवेद्याचे काही खाता येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची आहारतज्ज्ञ म्हणून मी १८ वर्षे काम करते आहे, त्या अनुभवातून सविस्तर उत्तर देते.

पहिल्या काही आठवड्यांत मळमळ होणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे आणि बहुतेकांची ती कमी होत जाते. मात्र "होईलच, सहन करा" एवढे सांगून मी थांबणार नाही, कारण या मळमळीची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येक कारणाचा उपायही वेगळा असतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या रुग्णाला मी पहिला प्रश्न "किती मळमळते?" असा न विचारता "कधी मळमळते?" असा विचारते. उठल्याउठल्या, गोळ्या घेतल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या घासाला, जेवण संपल्यावर वीस मिनिटांनी, की दिवसभर एकसारखी? या वेळेतच निम्मे निदान असते. आठवडाभर एका वहीत वेळ, त्याआधी काय खाल्ले-प्याले आणि कोणती गोळी घेतली एवढे तीनच रकाने लिहा. शल्यचिकित्सकांना दाखवताना ही वही कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडते.

तुमच्या पोटात नेमके काय बदलले आहे, ते आधी समजून घेऊ. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते, जिच्यात साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावते, म्हणजे आपली रोजची एक लहान वाटी. काढलेला भाग ताणला जाणारा, अन्न साठवून ठेवणारा होता. उरलेली नळी फारशी ताणत नाही, त्यामुळे तिच्यात दाब पटकन वाढतो. त्यातच टाके आणि सूज असल्यामुळे पाचव्या आठवड्यातही ती पूर्ण मोकळी झालेली नसते. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक जपानी संशोधकांनी १९९९ साली शोधले, आणि ते मुख्यतः याच काढून टाकलेल्या भागात तयार होते. त्यामुळे सध्या तुम्हाला भूक लागत नाही, आणि भूक नसताना समोर आलेल्या अन्नाचा वास अंगावर येतो. फोडणीच्या वासाने होणारे उमासे हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत, एवढे घरच्यांनाही सांगा. स्वयंपाक होईपर्यंत दुसऱ्या खोलीत बसा आणि तुमचे अन्न कोमट किंवा थंडसर खा, कारण गरम अन्नाचा वास अधिक दरवळतो. गार दही, थंड मुगाचे कढण किंवा फ्रिजमधले मऊ पनीर अनेकांना या दिवसांत गरम वरणापेक्षा सहज जाते.

आता पाण्याकडे वळते, कारण सकाळपासून दिवसभर एकसारखी राहणारी मळमळ मी ज्यांच्यात पाहिली आहे, त्यांच्यातील मोठ्या संख्येने लोक मुळात कोरडे पडलेले असतात. हे एक दुष्टचक्र आहे: पाणी कमी पडले की मळमळते आणि मळमळते म्हणून पाणी नकोसे होते. लघवीचा रंग गडद पिवळा असेल, दिवसातून दोन-तीन वेळाच लघवीला होत असेल, तोंड कोरडे पडत असेल आणि उठून उभे राहताना डोके हलके वाटत असेल, तर खाण्याचा विचार बाजूला ठेवून आधी पाणी सुधारा. दिवसाला किमान दीड लिटर द्रव पोटात जायला हवे. ते तांब्याने किंवा पेल्याने जाणार नाही. अर्ध्या लिटरची एक बाटली घ्या आणि दर पंधरा मिनिटांनी दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर, घोट घोट घ्या. पहिली बाटली सकाळी अकरापर्यंत, दुसरी चारपर्यंत आणि तिसरी रात्री नऊपर्यंत संपवायची, असे ठरवले की हिशेब डोळ्यांसमोर राहतो. साधे पाणी धातूसारखे लागते, अशी तक्रार बरेच जण करतात. त्यांनी जिरे उकळून गाळलेले पाणी, आल्याचा तुकडा टाकून कोमट केलेले पाणी, साखर न घातलेले मीठ-लिंबाचे पाणी, कोकमाचे पातळ आगळ-पाणी किंवा लोणी काढलेले पातळ ताक घेऊन पाहावे. सोडा, कोला आणि गोड सरबते मात्र नकोत. जलसंजीवनी घ्यायची वेळ आली, तर औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेली पुडीच मागा. तशाच नावाने ओळखली जाणारी, फळांच्या चवीची खोक्यातली गोड पेये निराळी असतात आणि त्यांतील साखर तुमची मळमळ वाढवू शकते.

पाणी आणि जेवण यांत अंतर ठेवणे हा नियम सगळ्यांनाच सांगितला जातो, पण तो मोडण्याची सवय आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. पानाशेजारी तांब्या-भांडे ठेवल्याशिवाय आपल्याकडे पान वाढल्यासारखेच वाटत नाही. जेवणाआधी सुमारे १५ ते ३० मिनिटे आणि जेवणानंतर ३० मिनिटे पाणी टाळा. नळी आधीच अन्नाने भरलेली असताना वरून पाणी आले, तर दाब वाढून ते अन्ननलिकेकडे परत येते. घास अडकल्यासारखा वाटला की आपण सवयीने पाणी पितो, आणि नेमके तेव्हाच ते बाधते. घास अडकला तर उठून उभ्या राहा, सावकाश चाला, खाणे थांबवा. तोंडात फेसाळ, चिकट लाळ जमा होऊ लागली, तर ती गिळू नका, थुंकून टाका. थोड्या वेळाने बहुधा मोकळे वाटते. त्यानंतर त्या वेळचे जेवण पुन्हा सुरू करू नका. पुढची दोन-तीन तास फक्त पातळ पदार्थ घ्या.

पोळी अडकण्याबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, त्यावर माझे स्पष्ट मत आहे, की पाचव्या आठवड्यात पोळी सुरू करायची घाई झाली. गव्हातील चिकटपणामुळे चावलेल्या पोळीचा लाळेसोबत गोळा बनतो, आणि तो गोळा अरुंद नळीत पुढे सरकत नाही. मोकळा, फडफडीत भातही काहींना असाच लागतो. भाकरी कोरडी असते म्हणून अडते. साधारणपणे पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, नंतरचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले किंवा घोटलेले, त्यापुढचे दोन-चार आठवडे मऊ, चमच्याने दाबले की मोडणारे, आणि मग हळूहळू नेहमीचे अन्न, असा क्रम असतो. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे वेगळे असते, तेव्हा तुमच्या शल्यचिकित्सकांनी दिलेला कागद प्रमाण माना. सध्या तुम्ही मऊ टप्प्याच्या उंबरठ्यावर आहात. एखादा टप्पा झेपला नाही, तर चार दिवस मागच्या टप्प्यावर जायला काहीच हरकत नाही. तसे केल्याने वजन कमी होण्यात काही बिघडत नाही, हे मी आवर्जून सांगते, कारण मागे जाण्याला बरेच रुग्ण हार मानतात आणि उलट्या सहन करत पोळी खात राहतात.

दुसऱ्या-तिसऱ्या घासालाच मळमळत असेल, तर कारण बहुधा घासाच्या आकारात आणि वेगात असते. मोठा चमचा बाजूला ठेवून चहाचा लहान चमचा घ्या. एक घास वीस-पंचवीस वेळा चावा, घास गिळल्यावर चमचा खाली ठेवा आणि पुढच्या घासाआधी मिनिटभर थांबा. एका जेवणाला २० ते ३० मिनिटे द्या. त्याहून जास्त वेळ बसलात तर अन्न सरकत जाते आणि नकळत जास्त खाल्ले जाते, तेव्हा तेही नको. पोट भरल्याची खूण आता पूर्वीसारखी येणार नाही. छातीच्या मध्यभागी हलका दाब, एखादी उचकी, नाकातून पाणी येणे किंवा एकाएकी आलेला उसासा, यांपैकी तुमची खूण कोणती हे ओळखायला शिका आणि ती आली की तोंडातला घास संपवून पान बाजूला सारा. पानात दोन चमचे उरले म्हणून ते संपवायचे नाहीत. अन्न टाकू नये या संस्काराचा मला आदर आहे, म्हणून उपाय एवढाच, की सुरुवातीलाच पाव ते अर्धी वाटी वाढून घ्या. जेवण झाल्यावर लगेच आडवे होऊ नका. रात्रीचे खाणे झोपण्याआधी दोन-तीन तास उरका, कारण स्लीव्हनंतर आंबट पाणी वर येण्याची प्रवृत्ती वाढते आणि पहाटेची मळमळ कित्येकदा त्याच आम्लामुळे असते. आम्ल कमी करणारी गोळी दिलेली असेल, तर ती मनाने बंद करू नका.

गोळ्यांनंतर येणारी मळमळ ओळखायला सोपी आणि सुधारायलाही सोपी असते. लोहाची गोळी रिकाम्या पोटी घेतली की पोट ढवळते, आणि मल्टिव्हिटॅमिनचेही तसेच होते. सकाळी उठल्याउठल्या चहासोबत सगळ्या गोळ्या घेऊन टाकण्याची पद्धत दोन्ही बाजूंनी नुकसान करते, कारण चहामुळे लोह शोषले जात नाही आणि मळमळ मात्र होते. मल्टिव्हिटॅमिन दुपारच्या खाण्यानंतर घ्या, लोह रात्री थोडे खाल्ल्यावर घ्या, आणि कॅल्शियम या दोन्हींपासून किमान दोन तास दूर ठेवा. कॅल्शियम सायट्रेट एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषले जात नाही, म्हणून दिवसाची १,२०० ते १,५०० मिलिग्रॅमची मात्रा विभागून घ्यावी लागते. ब-१२ आणि ड जीवनसत्त्व ही आयुष्यभराची सोबत आहे. मळमळते म्हणून गोळ्या थांबवणे हा मार्ग नाही. चघळण्याच्या गोळ्या, पातळ औषध किंवा ब-१२चे इंजेक्शन असे पर्याय डॉक्टरांकडे असतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा रक्तदाबाच्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू असतील, तर त्या तपासून घ्या. वजन आणि खाणे दोन्ही घटल्यावर जुनी मात्रा जास्त ठरते, आणि मग चक्कर व मळमळ एकत्र येतात. दुखण्यावर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घरातल्या डब्यातून काढून घेऊ नका. मळमळ थांबवणारी ऑन्डॅन्सेट्रॉनची गोळी काही दिवस उपयोगी पडते, पण तिने बद्धकोष्ठ होतो, आणि तुंबलेल्या पोटाने पुन्हा मळमळते, हे लक्षात असू द्या.

खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा आणि जुलाब होत असतील, तर ते डंपिंग असते. गोड पदार्थ जठरात न थांबता वेगाने लहान आतड्यात उतरतो आणि आतडे त्याभोवती पाणी ओढून घेते. गॅस्ट्रिक बायपास या वजनाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर हे जास्त दिसते, स्लीव्हनंतर कमी, पण दिसते. दुसरा प्रकार खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी येतो आणि त्यात रक्तातील साखर खाली जाऊन हातपाय थरथरतात. दोन्हींचे मूळ साखर आणि नुसत्या पिठूळ पदार्थांत असते. संकष्टीचा किंवा श्रावणी सोमवारचा उपवास तुम्ही करत असाल, तर साबुदाण्याची खिचडी या वर्षी तरी सोडा, असे मी मनापासून सुचवेन. साबुदाणा जवळजवळ संपूर्ण पिष्ट आहे, चिकट आहे, आणि प्रथिने त्यात नावालाच असतात. उपवासाच्या नावाने दिवसभर पोट रिकामे ठेवणे तर सध्या मुळीच नको.

प्रथिनांचे उद्दिष्ट दिवसाला किमान ६० ग्रॅम असते. पाचव्या आठवड्यात, शाकाहारी आणि अंडे न खाणाऱ्या व्यक्तीला ते केवळ घरच्या अन्नातून गाठणे जवळजवळ अशक्य आहे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही स्वतःला दोष देणार नाही. २५ ग्रॅम मूगडाळीच्या घट्ट वरणातून सुमारे सहा ग्रॅम मिळतात, ५० ग्रॅम पनीरमधून नऊच्या आसपास, २०० मिलिलिटर साय काढलेल्या दुधातून सहा-सात, आणि १०० ग्रॅम दह्यातून तीन-चार. ही सगळी बेरीज पंचवीसच्या आसपास थांबते. म्हणून व्हे प्रोटीनचे, म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेल्या प्रथिनांच्या पुडीचे, एक ते दोन माप लागते, ज्यातून डब्यावर लिहिल्याप्रमाणे प्रत्येकी २० ते २५ ग्रॅम मिळतात. ते एकदम न पिता दूध किंवा ताकात पातळ करून तासाभरात चमच्या-चमच्याने घ्या. शस्त्रक्रियेनंतर काहींना दुधातील लॅक्टोज पचेनासे होते, पोट गुडगुडते आणि मळमळते. तसे असेल तर व्हे आयसोलेट (लॅक्टोज बहुतांश काढलेली व्हेची पूड) किंवा सोयाची पूड वापरा, आणि दुधाऐवजी दही-ताक घ्या. व्हेच्या गोड व्हॅनिला वासाने मळमळणाऱ्यांसाठी बिनवासाची पूड मिळते, जी गार केलेल्या कढणात किंवा टोमॅटोच्या सारात मिसळता येते. सार कोमट झाल्यावरच मिसळा, नाहीतर गुठळ्या होतात.

घरच्या पदार्थांत मला या टप्प्यासाठी सर्वांत आवडणारे पिठले आहे, पातळ, तिखट न घातलेले, लसूण कमी केलेले. त्याच्याबरोबर भाकरीची गरज नाही, ते चमच्याने खा. मुगाची अगदी मऊ धिरडी, कुस्करलेले पनीर घातलेला दुधी, टोफूची भुर्जी, दह्यात कालवलेली गुरगुट्या भाताची दोन-तीन चमचे मात्रा आणि दह्याचा बिनसाखरेचा चक्का हे सहसा चांगले जाते. चक्का बांधताना पाणी निघून गेल्याने थोड्या मात्रेत जास्त प्रथिने मिळतात, पण त्यात साखर पडली की त्याचे श्रीखंड होते, तेवढे टाळा. नाचणीची आंबील पोटाला शांत वाटते, मात्र ती प्रथिनांचा पदार्थ समजू नका. प्रत्येक जेवणात आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भात, हा क्रम ठेवा. शेवग्याची शेंग, गवार, पालेभाजीचे देठ, संत्र्याच्या फोडींची साल आणि ओल्या नारळाचा चोथा हे तंतुमय पदार्थ आणखी काही आठवडे दूर असू द्या.

आता जे सांगते आहे ते कृपया घरच्यांनाही वाचून दाखवा. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णाच्या उलट्या तीन आठवडे चालू होत्या आणि मी दूरध्वनीवर त्यांना दोनदा "हे बसेल" असे सांगितले. तिसऱ्यांदा त्यांच्या मुलाने फोन करून सांगितले, की त्यांना एकाच्या दोन वस्तू दिसत आहेत आणि चालताना तोल जातो आहे. ती थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता होती. ते बरे झाले, पण चालणे पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागले, आणि तेव्हापासून उलट्यांबाबत फोनवर धीर देऊन मी कोणाला घरी ठेवलेले नाही. शरीरात थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. उलट्या चालू राहिल्या की तो संपतो आणि मेंदूला इजा होते. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेला हा आजार आहे. आपल्याकडे उलट्या झाल्या की जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावून घेण्याची पद्धत आहे. थायमिन कमी असताना आधी ग्लुकोज दिले, तर हीच इजा वाढू शकते. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी "माझी वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, सलाईनआधी थायमिन द्यावे लागेल का?" हे वाक्य म्हणा, आणि शस्त्रक्रियेचा कागद पर्समध्ये ठेवा.

पुढीलपैकी काही झाले, तर वही लिहीत बसू नका, त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना गाठा: २४ तासांत पाणीही न टिकणे, आधी घन आणि मग पातळ अन्नही परत येणे, ताप, विश्रांतीत नाडी १२० च्या वर जाणे, डाव्या खांद्यात किंवा पोटात वाढते दुखणे, काळे शौच किंवा रक्ताची उलटी, दृष्टी दुहेरी होणे, पायांत मुंग्या किंवा गोंधळलेपण. नळी एखाद्या जागी अरुंद झाली असेल, तर दुर्बिणीतून फुगा घालून ती रुंद करता येते, आणि हे लवकर कळले तर उपचार सोपे जातात. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडेही होतात, तेव्हा उजव्या बरगडीखाली दुखून मळमळणे वेगळे नोंदवा. आणखी एक गोष्ट बोलायला राहून जाते: वजन उतरू लागले की पाळी आणि गर्भधारणेची शक्यता दोन्ही बदलतात. पाळी चुकली असेल, तर मळमळीचे कारण तेही असू शकते, आणि पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी असा सल्ला दिला जातो.

गौरी-गणपतीपर्यंत तुमचे नऊ-दहा आठवडे होतील. तोवर मळमळ बसली असेल आणि मऊ अन्न टिकत असेल, तर प्रसाद म्हणून मोदकातले सारण अर्धा चहाचा चमचा, तेही प्रथिनांचे जेवण झाल्यावर, घ्यायला माझी हरकत नाही. मोदकाची उकड चिकट असते, ती ठेवून द्या. पुरणपोळीतले पुरण डाळीचे असले तरी त्यात गूळ तेवढाच असतो, म्हणून तेही चाखण्यापुरतेच. पंगतीत बसू नका, कारण आग्रह करणाऱ्याला नाही म्हणताना घास मोठा आणि घाईचा होतो. घरच्यांच्या आधी किंवा नंतर, एका कोपऱ्यात बसून, तुमची अर्धी वाटी सावकाश खा आणि मग सगळ्यांमध्ये येऊन बसा. वाढण्याचे काम अंगावर घेऊ नका. दिवसभर स्वयंपाकघरात उभे राहिल्यावर पाण्याच्या तीन बाटल्यांपैकी एकच संपलेली असते, असे मी सणाच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या रुग्णांत दरवर्षी पाहते. त्या दिवशी बाटली मोजायचे काम मुलांपैकी किंवा यजमानांपैकी एकाकडे सोपवा.